“सही तुम्हीच केली होती ना?” मग पुरावा आम्हीच का द्यायचा?

वर्धारोडवाली:
कालपासून सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय, कोणी निवृत्त साहेबांनी लिहिलेली. म्हणणं असं की पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) बायकोचं नाव चुकलं, तारीख नाही, आधारशी जुळत नाही म्हणून जे माजी सैनिक आता बोंबलतायत त्यांनी नोकरीत असताना डोळे का मिटले होते, सही केली ना, मग भोगा. डोकंच फिरलं. माझे सासरे १९६४ साली भरती झाले, सातवी पास. फॉर्म क्लार्कने इंग्रजीत भरला, यांना जिथे बोट दाखवलं तिथे यांनी सही ठोकली. रेकॉर्डमध्ये सासूबाईंचं नाव ‘सुनंदा बाई’, आडनाव गायब, जन्मतारखेच्या जागी नुसती आडवी रेघ. सासरे होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन कशीबशी सुरू झाली, आणि आता सासूबाई ऐंशीच्या झाल्यात तर खरी गंमत. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. पण तारीखच नाही तर वय धरणार कशावरून, सुरकुत्या मोजून? रेघ मारली त्यांनी आणि सिद्ध करायचं आम्ही, हा कुठला न्याय?

निवृत्त_हेडक्लार्क:
ताई, राग समजतो, पण सगळं क्लार्कच्या माथी मारू नका. मी आयुष्यभर हेच काम केलं. किंड्रेड रोल, म्हणजे घरच्यांची यादी, भरताना बायको-पोरांची नावं जवानालाच विचारतात, आम्ही काय पंचांग काढून लिहितो? लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघायला हवी, पण भाऊ सुट्टीवरून येऊन काही सांगतच नाही, दोन पोरं झाली की मग एकदम तीन नावं घेऊन टेबलासमोर उभा. आणि पुरावा का मागतात ते पण ऐका. आमच्याकडे एक जवान वारला, महिन्याभरात दोन बायका आल्या, दोघींचं नाव एकच, दोघींकडे सरपंचाचा दाखला. तोंडी सांगण्यावर रेकॉर्ड बदलत बसलो असतो तर खरी बायको आज रस्त्यावर असती. तुम्हाला जो जाच वाटतो तेच तुमच्या सासूबाईंचं संरक्षण आहे.

भौ_कामठीचा:
साहेब, एक दोन बायकावाला सापडला म्हणून बाकीच्या समद्या म्हाताऱ्यांनी काहून नोटरीच्या दारात उभं राहाचं? आमच्या इथल्या गार्ड्स रेजिमेंटवाल्यांचं बरं हाय, सेंटर कामठीतच हाय. बाकीच्यांचं पाहा ना, तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडले, सिग्नलचं जबलपूरले, महार रेजिमेंटचं सागरले, गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईचं सिकंदराबादले. पीपीओ सुधरून येणार प्रयागराजहून. अन् भांडाचं झालं तर एएफटी, म्हंजे फौजींचं कोर्ट, मुंबईले! झिरो माईलचा खांब आमच्या नागपुरात अन् काम एकही आमच्याकडे नाही. विदर्भाच्या माणसानं गाडीतच राहाचं का?

निवृत्त_हेडक्लार्क:
आला विदर्भ. वाटच पाहून राहिलो होतो.

भौ_कामठीचा:
येईनच. तुम्हाले हसू येते कारण तुम्हाले जा लागत नाही.

धंतोली_वकील:
दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय म्हणून लिहितो. सैनिकाची स्वतःची जन्मतारीख उतारवयात बदलून मागणं वेगळं, तिथे कोर्टं सहसा दारातच उभं करत नाहीत. जनरल व्ही. के. सिंगांचंच बघा, लष्कराच्याच एका शाखेत जन्मसाल १९५०, दुसऱ्या शाखेत १९५१, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टातून याचिका मागे घ्यावी लागली. लष्करप्रमुखाची ही गत. पण वर्धारोडवाल्या ताईंचा प्रश्न दुरुस्तीचा नाहीच, रिकामी जागा भरायचा आहे. जुन्या पीपीओंवर बायकोची तारीख बऱ्याचदा नसायचीच, त्यात सही करणाऱ्याचा दोष काय? अर्ज सासऱ्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला करा, सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, वयाचा पुरावा आणि अ‍ॅफिडेव्हिट. कुठे नोटरीचं चालतं, कुठे मॅजिस्ट्रेटसमोरचंच मागतात, आधी विचारून घ्या. तिकडून पुढे गेलं की सुधारित पीपीओ निघतो आणि मग स्पर्शवर (पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर) दिसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे पाठवले तर बरं पडतं.

वर्धारोडवाली:
वयाचा पुरावा म्हणताय ना, तोच घोळ आहे. शाळेचा दाखला आहे, त्यावर तारीख पण आहे (१ जुलै, गुरुजींच्या कृपेने अख्ख्या वर्गाची तीच), पण नाव आहे लता. लग्नात सुनंदा ठेवलं. आता लता म्हणजेच सुनंदा हे सांगणारं ऐंशीच्या वरचं माणूस आणू कुठून?

महालची_सून:
मग खरा गुन्हेगार सापडला की! क्लार्क नाही, जवान नाही, ही लग्नात बाईचं नाव पुसून टाकायची हौस. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, फोटो काढला, सगळ्यांना पेढे वाटले आणि त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. कागद एकाने केला नाही. पुढे आधारला एक, रेशनकार्डाला दुसरं, बँकेत तिसरंच. स्वतःच्याच नावाचा पुरावा गोळा करत फिरायचं आयुष्यभर.

भौ_कामठीचा:
आता हे कुठून आलं मधात? पेन्शनचं बोलून राहिलो ना आपण? आमच्या आईचं पण नाव बदललं होतं, तिनं तर कधी तक्रार नाही केली.

महालची_सून:
तिला विचारलं होतं कुणी?

भौ_कामठीचा:
आईवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

निवृत्त_हेडक्लार्क:
प्रथांना नावं ठेवायची आता फॅशनच झालीये. हजारो वर्षांची परंपरा आहे, आणि नाव बदललं तर गॅझेट करा, कोणी अडवलंय? हल्ली तर अर्ज ऑनलाइन होतो.

महालची_सून:
१९६० च्या आसपास गावाकडची सोळा वर्षांची नवी सून गॅझेट करणार? साहेब, तुम्ही टेबलाच्या त्या बाजूनेच बोलताय अजून.

धंतोली_वकील:
दोघंही थांबा जरा. लता-सुनंदासाठी अ‍ॅफिडेव्हिटमध्ये ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं स्पष्ट लिहा. माहेरची धाकटी भावंडं असतील तर त्यांचंही जोडा, साक्षीदार ऐंशीचाच हवा असं काही नाही. पेपरात जाहिरात मागितली तर द्यावी लागेल. आणि हेडक्लार्क साहेब, एक विचारतो. बाई सासऱ्यांच्या मागे इतकी वर्षं फॅमिली पेन्शन घेतायत, म्हणजे ती त्यांचीच बायको हे सरकारने मान्य केलंच आहे ना? मग तुमची दोन बायकांची गोष्ट इथे लागतेच कुठे?

निवृत्त_हेडक्लार्क:
ओळख मान्य आहे, वय नाही. पैसे वयावर वाढतात. पण चला, या केसमध्ये फाइल तीन टेबलं फिरवायची गरज नाही एवढं मान्य. आणि ते ‘बाई’ लावलं म्हणून ओरडताय ना, उत्तरेकडचा क्लार्क असता तर ‘देवी’ लावलं असतं, उपकारच समजा.

वर्धारोडवाली:
उपकार फ्रेम करून भिंतीला लावते. एवढं ज्ञान आहे तर अर्जाचा मसुदा तरी सांगा.

निवृत्त_हेडक्लार्क:
आर्मी नंबर, रँक, नाव सगळ्यात वर, ठळक. त्याखाली पीपीओ नंबर. आडनाव आणि जन्मतारीख, दोन्ही मागण्या स्पष्ट लिहा, रामायण लिहू नका, क्लार्क पहिला परिच्छेदच वाचतो. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. अडलं तर मेसेज करा, कागद बघून देईन.

भौ_कामठीचा:
हे पहिल्याच मेसेजले सांगितलं असतं तर एवढा राडा झाला नसता ना बापा.

महालची_सून:
साहेब, जाता जाता एक सांगा. परंपरा एवढी हजारो वर्षांची, तर तुमच्या मिसेसचं रेकॉर्डला कोणतं नाव आहे?

निवृत्त_हेडक्लार्क:
माहेरचं. लग्नात बदललं होतं, पण क्लार्क होतो ना मी, कागदाला हात लावू दिला नाही कुणाला.