पेशंट ऐकत नाहीत म्हणे! पण ऐकायचं कोणाचं?

इंदिरानगरची_सून:
काल इथे शिस्तप्रिय_ओझर यांनी लिहिलं, "शुगर, बीपी, हार्ट, किडनी सगळं एकत्र असलं तरी माणूस ठणठणीत राहतो, पेशंट डॉक्टरांचं ऐकत नाहीत हाच खरा आजार." वर फुकटची टीप, साधं मीठ सोडा, लो सोडियम मीठ खा. वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या. पाच आजार, चार डॉक्टर, दिवसाला अकरा गोळ्या. हार्टवाले म्हणतात दीड लिटरच्या वर पाणी नको, पायाला सूज येते. मध्ये युरिन इन्फेक्शन झालं तर दुसरे म्हणाले भरपूर पाणी प्या. डाएटवाल्या मॅडम म्हणे कडधान्यं, पालेभाज्या वाढवा. किडनीवाले म्हणे पोटॅशियम वाढलंय, भाजी उकळून पाणी फेका, नारळपाणी बंद. गुडघेवाल्यांनी पेनकिलर लिहिली, ती बघून किडनीवाले माझ्यावर ओरडले, जशी काय मीच लिहून दिली होती!

आणि ते "ऐकत नाहीत"चं सांगते. लघवीची गोळी सकाळी आठची. पण तपासणीच्या दिवशी सासूबाई ती घेत नाहीत, कारण सिटी बसने सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडला जायचं, तिथून रिक्षा, मग दोन तास नंबर, आणि बाथरूम जिना उतरून खाली. घरी आल्यावर दोनला घेतात. फाइलवर लिहिलं, औषधं नियमित घेत नाही. का घेत नाही हे चार वर्षांत कोणी विचारलं नाही. शेवटी मीच धीर करून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अहो मग त्या दिवशी दुपारी घ्या की, चालतं.

मिठाचं पण ऐका. लो सोडियम मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनी कमजोर आणि वर बीपीची टेल्मिसार्टन चालू, म्हणजे पोटॅशियम आधीच चढायला बसलेलं. तुमची टीप आमच्या घरी कोणी ऐकली असती तर आयसीयूच बघावं लागलं असतं.

शिस्तप्रिय_ओझर:
ताई, चार डॉक्टर करायला कोणी सांगितलं होतं? माझी आई ८८ वर्षं जगली, एकच डॉक्टर, सायकलवर घरी यायचे. मी स्वतः शुगर आणि बीपी दोन्ही घेऊन रोज पाचला उठून चालतो, १४ वर्षांत एक गोळी चुकली नाही. आमच्या शेजारचे बायपासनंतर रविवारी तर्रीवाली मिसळ हाणतात आणि सोमवारी छातीत जळजळ म्हणून लेकाला सुट्टी घ्यायला लावतात. त्यांच्याबद्दल लिहिलं होतं मी. मिठाचं बीपीवाल्यांसाठी लिहिलं होतं.

इंदिरानगरची_सून:
बीपीवाल्यांनाच तर पुढे किडनीचं निघतं काका!

जुना_जीपी_नाशिकरोड:
बिचारा डॉक्टर बोलतोय, दगड जरा हळू मारा. गोळ्यांची पिशवी आणा म्हटलं की पेशंट सांगतो, "ती पांढरी, गोल, छोटी." अर्ध्या गोळ्या तशाच असतात. त्रिफळा, काढा, कोणीतरी आणून दिलेली डायबेटीसची पावडर, हे तर सांगतच नाहीत. आणि सायकलवाल्या डॉक्टरची आठवण काढता ना, ती जात तुम्हीच संपवली. शिंक आली की कॉलेज रोडचा एमडी. सगळे कागद एकत्र बघायचं काम कोणाचं? आमचंच होतं. आता माझ्याकडे येतात फक्त सर्टिफिकेटला.

पुण्यातला_नाशिककर:
कागद एकत्र बघून तरी काय कळतं डॉक्टर? माझ्या आईला एका डॉक्टरने टेल्मिसार्टन दिलं, दुसऱ्याने तेच अमलोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबरच्या एकत्र गोळीत दिलं, दोन्हीची नावं वेगळी, दोन्ही स्ट्रिपवर कंपनीचं नाव ठळक आणि औषधाचं नाव मुंगीएवढं. दीड महिना दोन्ही घेतल्या तिने, अगदी शिस्तीत काका, एक पण चुकली नाही. पहाटे बाथरूमला उठली आणि चक्कर येऊन पडली, बीपी ९०/६०. मेडिकलवाल्याला दोन्ही चिठ्ठ्या दिसत होत्या, त्याने एका शब्दाने सांगू नये?

मेडिकलवाला_पंचवटी:
आला मेडिकलवाल्यावर! साहेब, काउंटरला संध्याकाळी वीस माणसं असतात आणि तुमच्यासारखे फोनवरून "लवकर द्या" सांगणारे असतात. एखाद्याला सांगितलं की डबल होतंय, तर म्हणतो तुम्ही डॉक्टर आहात का. डॉक्टरला फोन केला तर कंपाउंडर घेतो.

पुण्यातला_नाशिककर:
आणि परवा न विचारता कंपनी बदलून देता त्याचं काय? गुलाबी गोळी पांढरी झाली की म्हातारी माणसं जुनी पण घेतात आणि नवी पण.

मेडिकलवाला_पंचवटी:
माल नसला तर काय गोदावरीतून काढून देऊ? सगळ्यांनी औषधाचंच नाव लिहिलं असतं तर ही भानगडच नव्हती. २०२३ ला जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नावच लिहायचा नियम आला होता, डॉक्टर लोकांनी बोंब मारली, त्याच महिन्यात स्थगित.

जुना_जीपी_नाशिकरोड:
बोंब का मारली तेही सांगा ना. औषधाचं नाव लिहिलं की कुठल्या कंपनीचं द्यायचं ते तुम्ही ठरवणार, आणि तुम्ही मार्जिन बघून ठरवणार.

मेडिकलवाला_पंचवटी:
आणि तुम्ही काय बघून ठरवता? आमच्या तोंडून वदवू नका, दिवाळीचे गिफ्ट बॉक्स आमच्या दुकानासमोरूनच वर दवाखान्यात जातात.

शिस्तप्रिय_ओझर:
जनऔषधीत जा ना मग, २००८ पासून आहे योजना. माझी बीपीची तिथलीच आहे. पण आपल्या लोकांना स्वस्त औषधाचा गुणच येत नाही.

पुण्यातला_नाशिककर:
काका, गुणाचं नाही हो! तिसरा रंग, तिसरं पाकीट!!

आजी_७१:
नातवाने टाइप करून दिलंय. तुमचं भांडण वाचलं. शुगर, बीपी, किडनी, थायरॉइड मलाच आहे, तुम्हाला कोणाला नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा तास चहा नाही, कॅल्शियम चार तास लांब, शुगरची जेवणाआधी, सोमवार-गुरुवार माझा उपास, त्याचं कोणी काही बोलत नाही. एकदा रात्री अडीचला घामाने गाऊन भिजला, हात थरथरायला लागले, स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून गेले आणि साखरेच्या डब्यात हात घातला. तेव्हापासून रात्रीची शुगरची गोळी मी मोडून अर्धीच घेते. सहा महिने झाले. डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतात.

जुना_जीपी_नाशिकरोड:
आजी, स्ट्रिपवर ग्लिमेपिराइड लिहिलंय का बघा. किडनी मंदावली की ते अंगात रेंगाळतं, शुगर खाली जाते. आणि उपासाच्या दिवशी तर जास्तच धोका. मनाने अर्धी करू नका, पण सांगा, आजच सांगा. तुमच्या वयात इतके आजार असताना शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८ च्या आसपास असली तरी चालवतात, ७ च्या खाली ओढायचा अट्टहास नसतो.

आजी_७१:
तेच लिहिलंय. म्हणजे माझं चुकलं नव्हतं.

जुना_जीपी_नाशिकरोड:
लपवलं ते चुकलं. बाकी... आमच्याकडूनही कोणी विचारायला हवं होतं.

शिस्तप्रिय_ओझर:
बरं, मी गुन्हेगार. उद्यापासून शिस्तीचं नाव काढणार नाही, फक्त पाचला उठणार. ती मिठाची टीप काढून टाकलीय, किडनीवाल्यांनी हार घालावा. इंदिरानगरच्या ताई, अकरा गोळ्या लक्षात कशा ठेवता तेवढं सांगा, आमच्या हिच्या आता सात झाल्या.

इंदिरानगरची_सून:
घरातला जुना मसाल्याचा डबा, सात वाट्यांचा, सात वार. वाटीत चार कागदी पुड्या, त्यांवर सासूबाईंच्या अक्षरात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. फक्त झाकण जरा घट्ट आहे, गुडघ्याबरोबर बोटंपण दुखतात त्यांची, म्हणून मी सैल लावून ठेवते. नवा घ्यायचा तर भांडी बाजारात जा, झाकण तिथेच उघडून बघा.