मदत हवी आहे: खाण बंद करायला दिलेला पैसा कोळशाचं अनुदान धरायचा का?

नमस्कार मंडळी,

कोणतं सरकार कोळशाला किती पोसतं, याचा देशवार तक्ता करायला घेतलाय आणि जर्मनीपाशीच गाडी अडलीय. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

मुळात 'अनुदान' कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही. नाणेनिधीने २०२२ साठी सगळ्या जीवाश्म इंधनांचं मिळून ७ लाख कोटी डॉलर अनुदान धरलंय. त्यात उघड अनुदान १.३ लाख कोटींचं; बाकी बहुतेक वाटा प्रदूषण, आजारपण आणि तापमानवाढीच्या न आकारलेल्या किमतीचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ग्राहकाला इंधन बाजारभावापेक्षा किती स्वस्त मिळालं तेवढंच मोजते. या मापाने कोळसा जवळजवळ सुटूनच जातो, आणि ते मला पटत नाही.

आता जर्मनी. देशातला महाग दगडी कोळसा वीजकेंद्रांनी घ्यावा म्हणून तिथे वीजबिलावर 'कोलफेनिग' नावाचा अधिभार होता. पैसा सरकारी तिजोरीतून नव्हे, थेट ग्राहकाच्या खिशातून जायचा. १९९४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. मग अर्थसंकल्पातून मदत सुरू राहिली. २००७ मध्ये ती २०१८ पर्यंत थांबवायचं ठरलं. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रोपच्या खाणीतून कामगारांनी कोळशाचा शेवटचा ढेकूळ वर आणून राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. तो व्हिडिओ पाहताना गलबलून आलं. काळवंडलेले चेहरे, आणि कित्येकांच्या डोळ्यांत पाणी. त्या शेवटच्या वर्षांत मुदतपूर्व निवृत्तीसाठी दिलेला पैसा कोळशाला मिळाला की माणसांना? मी तो वेगळा दाखवावा असं मला वाटतं, पण मग पोलंडच्या खाणींना २०४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होताना मिळणारी मदत कुठे टाकू? ती मदत मिळत असताना कोळसा निघतोच आहे.

अमेरिकेत फुप्फुसं काळी पडलेल्या खाणकामगारांच्या निधीसाठी कोळशावर टनामागे कर आहे. तो पुरत नाही म्हणून निधी सरकारी तिजोरीतून उसने घेतो. ही उसनवारी अनुदानच, असं माझं मत. चुकत असेन तर सांगा.

भारताचं तर दोन्हीकडून आहे, कोळशाकडून घेणंही आणि त्याला देणंही: कोळशावर टनामागे उपकर २०१० मध्ये ५० रुपये होता, २०१६ मध्ये ४०० झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला, शिवाय कोळशाच्या मालभाड्यातून रेल्वे प्रवासी भाड्याची तूट भरून काढते, उलट जानेवारी २०२४ मध्ये कोळशापासून वायू बनवण्यासाठी ८,५०० कोटी मंजूर झाले. इथे वजाबाकी करून एकच आकडा द्यायचा, की दोन रकाने ठेवायचे?

असा तक्ता आधी कोणी केला असेल तर रकाने कसे पाडले होते, तेवढं लिहा.