तरुण कुत्र्याच्या घरात वयाने मोठी कुत्री आणायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार.

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. घरात सासूबाई, यजमान, चौथीत शिकणारी मुलगी आणि मी अशी चार माणसे असून वाघ्या नावाचा 14 महिन्यांचा कुत्रा आहे. तो गावठीच आहे; मात्र लांबट तोंड आणि बारीक कंबर पाहून लोक त्याला कारवानी जातीचा शिकारी कुत्रा समजतात. दोन महिन्यांचा असताना तो आमच्याकडे आला आणि तेव्हापासून अंगण, सोपा आणि माणसे या सगळ्यांवर त्याचा एकट्याचा हक्क राहिला आहे. त्याची नसबंदी झालेली नाही, लसी मात्र वेळच्या वेळी दिल्या आहेत.

माझे मामा चैत्रात वारले. कोरेगाव तालुक्यात त्यांची वस्ती आहे आणि तिथे चंपी नावाची सुमारे पाच वर्षांची कुत्री आहे. शेतीची लाईट रात्रीची असली की मामा बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघत आणि चंपी बांधावरून त्यांच्यापुढे चालत असे. सापकिरडू दिसले की ती जागीच थांबे आणि मग मामाही थांबत. आता मामी या महिनाअखेरीस मुलाकडे पुण्याला राहायला जात आहेत. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चंपीला नेणे शक्य नाही आणि तिला मोकळ्या वस्तीवर सोडून देणे आम्हाला कुणालाच मान्य नाही. म्हणून तिला आमच्याकडे आणायचे ठरले.

गेल्या रविवारी आम्ही तिला गाडीतून थेट घरी आणले आणि तिथेच चूक झाली. वाघ्या चाफ्याला साखळीने बांधलेला होता आणि त्याच्या थाळीत सकाळची अर्धी भाकरी तशीच राहिली होती. गाडीतून उतरल्याबरोबर चंपी वास घेत त्या थाळीकडे गेली. वाघ्याने झेप घेतली, साखळी ताणली गेली, तो मागे ओढला गेला आणि त्याच क्षणी चंपीने त्याचा कान धरला. त्यांना सोडवायला यजमानांनी मध्ये हात घातला, तेव्हा त्यांनाही दात लागला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन आम्ही लगेच दवाखाना गाठला. चंपीच्या लसीकरणाची कुठलीच नोंद नसल्याने रेबीजच्या लसी सुरू केल्या आहेत. तिला त्याच संध्याकाळी वस्तीवर परत नेऊन पोहोचवले. मामी तिच्यावर लक्ष ठेवून आहेत.

वाघ्याचा कान बरा होत आला आहे, पण तो बदलला आहे. पूर्वी त्याच्या थाळीत हात घातला तरी तो शेपटी हलवत असे. आता तो जेवत असताना कुणी जवळून गेले की गुरगुरतो. परवा मुलगी गेली तेव्हाही गुरगुरला. मी त्याला जोरात रागावले. तेव्हापासून तो गुरगुरत नाही, पण खाणे थांबवून, अंग ताठ करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहतो. हे सुधारणेचे लक्षण आहे की काळजीचे, हे मला कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एकदा भांडण झालेल्या दोन कुत्र्यांची ओळख पुन्हा नव्याने करून देता येते का, आणि ती कुठे व कशी करावी? दोघांचीही नसबंदी झालेली नाही, तर आधी कुणाची करावी? चंपी वस्तीवर दोनदा व्यायली आहे आणि मामींच्या सांगण्यानुसार तिचा माज संपून दोन आठवडेच झाले आहेत. वाघ्याच्या वाट्याचे काही हिरावून न घेता चंपीला घर द्यायचे आहे. ज्यांनी प्रत्यक्ष हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (सांगलीहून)

ताई, माझ्याकडे एकामागून एक अशी पाच कुत्री झाली आणि त्यांतली दोन मोठ्या वयात आली, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम, गुरगुरण्यावर रागावणे आजपासून बंद करावे. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती दाबली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते आणि पुढच्या वेळी तो थेट चावतो. आपण वर्णन केलेले ताठ अंग आणि तिरकी नजर हीही सूचनाच आहे, सुधारणा नव्हे. त्याला आतल्या खोलीत दार लोटून जेवू द्यावे, मुलीला त्या वेळी तिकडे फिरकू देऊ नये आणि जेवण झाल्याबरोबर थाळी उचलावी. जाताजाता लांबूनच त्याच्याकडे चिकनचा एखादा तुकडा टाकत गेलात, तर माणूस जवळ येणे म्हणजे काही मिळणे, असे त्याच्या मनात हळूहळू बसेल.

दुसऱ्यांदा भेट घडवायची ती आपल्या दारात नाही आणि वस्तीवरही नाही. दोघांनाही परकी असलेली मोकळी जागा निवडावी. दोन माणसे, दोन लांब पट्टे; साखळी नको. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते, म्हणून तो हल्ला करतो. रविवारी वाघ्याचे हेच झाले. वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने चालवावे, समोरासमोर आणू नये. पट्टा सैल असावा, कारण आपला हात ताणला की कुत्र्याला धोका वाटतो. एकमेकांकडे पाहून ते पुन्हा जमीन हुंगू लागले की अंतर थोडे कमी करावे. टक लावून पाहणे किंवा पाठीवरचे केस उभे राहणे दिसले की पुन्हा लांब जावे. हे आठ-दहा दिवस रोज करावे आणि त्या काळात चंपीचे गोणपाट वाघ्याजवळ व त्याची चादर तिच्याजवळ ठेवावी.

नर आणि मादी ही जोडी तुलनेने लवकर जमते, ही आपली जमेची बाजू आहे. मात्र कुत्रा मनाने प्रौढ व्हायला दोन-तीन वर्षेही लागतात. आज निमूट बाजूला होणारा वाघ्या वर्षभराने होईलच असे नाही, त्यामुळे थाळ्या आणि झोपायच्या जागा कायमच्या वेगळ्या ठेवाव्यात. पुन्हा जुंपलीच तर हात घालू नये. बादलीभर पाणी ओतावे किंवा मध्ये जाड चादर टाकावी.

नसबंदीबाबत माझा अनुभव सांगतो, निर्णय मात्र डॉक्टरांचा. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबून मादीची शस्त्रक्रिया करणे चांगले, म्हणून आधी वाघ्याची करावी. नसबंदीनंतरही नर काही आठवडे पिल्ले देऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. चंपीचा पुढचा माज साधारण सहा महिन्यांनी येईल, त्यामुळे आपल्याकडे वेळ आहे. तिला घरी आणण्यापूर्वी रेबीज आणि इतर लसी द्याव्यात, जंताचे औषध द्यावे आणि वस्तीवरच्या कुत्र्यांना गोचीड असतेच, म्हणून गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्यावे. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; गुंतागुंतीचे काही वाटल्यास तिथे दाखवता येईल.

मूळ लेखिकेचे उत्तर

दादा, आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. रागावण्याबद्दल वाचून वाईट वाटले. आज संध्याकाळपासून वाघ्याची थाळी आतल्या खोलीत ठेवली आहे. मामींशी बोलणे झाले. त्या पुण्याला जाण्याचे पंधरा दिवस पुढे ढकलायला तयार आहेत, म्हणजे चंपीच्या तपासण्या आणि रोजचे चालणे घाईविना होईल. त्यांनी तिचे गोणपाट एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवले. वाघ्याने ते बराच वेळ हुंगले, दोनदा त्याच्याभोवती फिरला आणि मग लांब जाऊन पायरीवर बसला. गुरगुरला नाही.

एकच विचारायचे राहिले. चालताना चंपीचा पट्टा मामींनी धरावा की पहिल्या दिवसापासून मीच धरावा? ती मामींच्या मागे मागे असते आणि पुढे तिला माझ्याबरोबरच राहायचे आहे.