रडणारी मगर नको

बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या प्लॅस्टिक कचऱ्याबद्दल फोटो जोडून केलेलं तुमचं चित्र पाहिलं. मगरीच्या डोळ्यातून पाणी, आणि सोबत तुमचा प्रश्न: संदेश पोचतो का? पोचतो, पण उलटा. मराठीत मगर रडली की ते नक्राश्रू, गुजरातीतही 'मगरनां आंसु' म्हणजे ढोंगच. बडोद्यात दोन्ही भाषांचे लोक चित्र बघणार, त्यामुळे सुटका नाही!

अश्रू काढून टाका. मगरीच्या पाठीवरचे खवले चुरगाळलेल्या बाटल्यांचे करा. लांबून मगर, जवळून कचरा. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की नुसतं चित्र होतं, एकीच्या आकारात दुसरी शिरली की रूपक.

पारदर्शक बाटली मिसळणं मात्र कटकटीचं. मी बाटलीचा फोटो काळ्या कापडावर काढतो आणि फोटो-एडिटिंगच्या ॲपमध्ये तो मगरीच्या फोटोवर वेगळा थर (लेयर) म्हणून ठेवून 'स्क्रीन' मोडवर टाकतो. काळं नाहीसं होतं, चकाकी तेवढी उरते. मग मास्कवर, म्हणजे थराचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर, मऊ ब्रशने कडा पुसायच्या. उजेड दोन्ही फोटोंत एकाच बाजूचा हवा, नाहीतर चिकटवलेलं लगेच कळतं.

आणि हो, तुम्ही घेतलेला फोटो लांब, अरुंद तोंडाच्या घडियालचा आहे. आपल्या नदीतली मगर रुंद तोंडाची. बडोद्यातल्या काळाघोड्याच्या पुलावरून वाकून बघणारा कुणीही ही चूक पकडेल.

चित्राखालचं 'नदी वाचवा' तर काढाच. शब्दांशिवाय अर्थ कळतो का ते बघायला चित्र व्हॉट्सॲपच्या गोल डीपीएवढं लहान करून घरच्या कुणाला तरी दाखवा, काहीही न सांगता.