बंडगार्डनला "बघण्यासारखं काही नाही" म्हणणाऱ्यांसाठी

संगमवाडीकर
इथे एका गृहस्थांनी लिहिलंय की पाहुण्यांना पुण्यात मुळा-मुठेकाठच्या बंडगार्डन बागेत नेणं म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणं. नाक धरावं लागतं, बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा अहमदाबादच्या साबरमतीसारखा नदीचा काठ बांधून काढा आणि मग बोलवा. वर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवणारे आहेतच. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

बागेला लागून फिट्झगेराल्ड पूल आहे, १८६७ चा. दगडी कमानी, टोकांना सिंह. १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर अंगावर घेऊन हा पूल उभा राहिला. गाड्यांना बंद असल्यामुळे आता त्यावरून निवांत चालता येतं. शेजारचा बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला, शहराला पाणी मिळावं म्हणून. बागेला नाव त्या बंधाऱ्यावरून पडलं, महात्मा गांधी उद्यान हे नंतरचं. पाणी इथे अडतं म्हणून वर मुळा-मुठेच्या संगमापर्यंत नदी भरलेली राहते आणि सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं तिथे वल्ही मारू शकतात. त्यांची रेगाटा, म्हणजे बोटींचा महोत्सव, १९२८ पासूनची आहे. हे सगळं एका पाण्याभोवती उभं आहे, आणि तुम्ही म्हणता काठाला फरशी घाला.

वास येतो, मान्य. वास सांडपाण्याचा आहे. फरशीने तो जात नाही.

येरवड्याचा
संगमवाडीकर, पुलाचे सिंह बघायला तुम्ही रविवारी जाता. आम्ही नदीलगत राहतो. जलपर्णी साचली की संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही, इतके डास. माझ्या आईला डासांनी झोप लागत नाही. काठावर राडारोडा टाकणारे ट्रक रात्री येतात, अडवायला गेलं की दमदाटी. तिथे दिवे लागले, रस्ता झाला, माणसांची ये-जा वाढली तर ते ट्रक थांबतील. आम्हाला बांधलेला काठ हवाच आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरत नाही त्यांनी झाडांचे फोटो काढावेत.

आगाखानमागे
पाणी शिरतं म्हणूनच तर विरोध आहे हो! महापालिकेच्या काठसुधारणा प्रकल्पात ४४ किलोमीटर नदी आहे, तिच्या काठाला भराव आणि तटबंदी. नदीचं पात्र आवळलं की पाणी कुठे जाणार? २०२४ च्या जुलैत खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांत बोटी फिरल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये या कामात तोडल्या जाणाऱ्या झाडांना मिठ्या मारायला लोक रस्त्यावर उतरले, ते फोटोसाठी नव्हतं. बंडगार्डनच्या खाली सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या झाडीत बसणारा पक्षी काँक्रीटच्या पायऱ्यांवर येणार नाही.

आणि दोन्ही कामांचं भूमिपूजन एकाच दिवशी झालं, ६ मार्च २०२२. एक काठसुधारणा, दुसरं जपानी कर्जातली ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं. मग आधी कशाचा आग्रह धरायचा, हे सांगायला हवं का?

तिसरी_पाळी
तुमचं नदीचं चालू द्या. मला एवढंच सांगा, महापालिकेच्या बागा दुपारी बंद का असतात? वडिलांना जवळच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, रात्रभर जागा. दुपारी म्हटलं तासभर झाडाखाली पाठ टेकावी. बागेला कुलूप. फुटपाथवर वर्तमानपत्र टाकून झोपलो. कोणासाठी आहे ही बाग? सकाळी चालणारे, संध्याकाळी मुलांना आणणारे, आणि दुपारच्या माणसाने कुठे जायचं?

संगमवाडीकर
विषय वेगळा आहे, पण रास्त आहे.

माळ्याची_लेक
वेगळा नाही आणि रास्तही नाही. माझे वडील महापालिकेच्या बागेत माळी होते. पाणी घालणं, कचरा उचलणं, हिरवळ कापणं, हे लोक नसताना होतं. दुपारी फाटक उघडं राहिलं की झाडामागे बाटल्या सापडतात. बोटाला काच लागून टाके पडलेले त्यांचे हात मी पाहिलेत. "उघडा" म्हणणारा कुणी राखायला येत नाही.

शतपावली
बाटल्याच कशाला, जोडपी बघा. नातवंडांना घेऊन बसायची सोय उरली नाही. दुपारी बंद आहे तेच बरं.

तिसरी_पाळी
काका, जोडप्यांनी तुमचं काय घेतलं? एका खोलीत सहा माणसं राहतात अशा घरातल्या लग्न झालेल्या नवरा-बायकोलाही बोलायला जागा नसते. मी त्यातलाच. बाकावर बसलो की रखवालदाराची शिट्टी वाजते. तुमच्या नातवंडांना त्रास आमच्या बोलण्याचा होत नाही, तुमच्या बघण्याचा होत असेल.

शतपावली
तोंड सांभाळून बोला. वयाचा मान ठेवा.

येरवड्याचा
तिसरी पाळी बरोबर बोलतोय. नदीकाठ खुला झाला तर फाटकच राहणार नाही, शिट्टी कोण वाजवणार? माझा मुद्दा तोच आहे.

आगाखानमागे
खुला राहील याची हमी कोण देतं? सुशोभीकरण झालं की आधी तारेचं कुंपण येतं, मग तिकीट, मग "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत". येरवड्यातल्या माणसालाच तिथे आधी हटकतील.

येरवड्याचा
हे मात्र होऊ शकतं. तिकीट लावलं तर पहिला दगड मी उचलेन. तरी आईला चावणाऱ्या डासांचं उत्तर तुमच्यापैकी एकानेही दिलेलं नाही.

संगमवाडीकर
देतो. बंधाऱ्यामागे पाणी थबकतं, त्यात मैला उतरतो, त्या खतावर जलपर्णी फोफावते आणि तिच्या आडोशाला डास. नाले नदीत मिसळण्याआधी अडवले की जलपर्णीचं खाणं तुटेल. आईंसाठी मला तेच हवंय. ट्रकवाल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, त्यासाठी रात्रीची गस्त मागू, मी बरोबर येतो. झाडं तोडायची गरज त्यात कुठेच नाही.

माळ्याची_लेक
गस्त म्हणजे पुन्हा कंत्राटी माणूस, बारा तास, हातात काठी. त्याचा विचार कुणी केलाय?

तिसरी_पाळी
ताई, मी रात्रपाळीचा रखवालदारच आहे. दुपारी एक फाटक उघडं राहावं, एवढा अर्ज आपण मिळून देऊ. झाडांना पाणी घालायची वेळ तुम्ही सांगाल ती.

शतपावली
एक फाटक, आणि आत माणूस असेल, तर माझी हरकत नाही. बाकांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

माळ्याची_लेक
अर्जात जादा रखवालदार आणि त्याचा पूर्ण पगार लिहिणार असाल तरच माझी सही धरा.