हृदयविकाराच्या झटक्यानंतर कोल्चिसीन: डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

नमस्कार. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातले. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना (वय ६६), एकोणीस दिवसांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला. रात्री छातीत कळ आली ती पित्ताची समजून अंगावर काढली, त्यात सहा तास गेले, आणि लातूरला अँजिओप्लास्टी होईपर्यंत हृदयाच्या स्नायूचे बरेच नुकसान झाले होते. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी, ४० टक्के आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आणि स्टॅटिन यांच्या जोडीला रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसीन लिहून दिले आहे. माझा प्रश्न या शेवटच्या गोळीविषयी आहे.

मेडिकलमध्ये ही गाउटची (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराची) गोळी असल्याचे सांगितले. बांधावरच्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते, हे समजल्यापासून आई फार धास्तावली आहे. गोळी आम्ही परस्पर बंद केलेली नाही.

मी वाचले ते असे. झटक्यानंतर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जखमी भागात शिरतात. पाठोपाठ अस्थिमज्जेतून आणि प्लीहेतून मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मॅक्रोफेज पेशी होतात आणि त्या मेलेला स्नायू खाऊन जागा साफ करतात. चार-पाच दिवसांनी दुरुस्ती करणाऱ्या मॅक्रोफेजचा जोर वाढतो आणि कोलॅजन या चिवट तंतूंचा वण धरू लागतो. गेलेला स्नायू जवळजवळ परत येत नसल्यामुळे पुढे त्या भिंतीला हा वणच सावरून धरतो. म्हणून सुरुवातीची सूज (म्हणजे या पेशींची ही सारी धावपळ) स्टेरॉइडसारख्या औषधाने दडपली तर वण कच्चा राहण्याची भीती असते, आणि सूज रेंगाळली तर शेजारचा चांगला स्नायूही खराब होऊन हृदय पसरत जाते. सूज हवी आणि नकोही, आणि कोल्चिसीन तर सूजच कमी करते, हे समजल्यावर माझी काळजी उलट वाढली.

२०१९ च्या कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत ४,७४५ रुग्ण घेतले होते; पुढचे हृदयविकार, पक्षाघात वगैरे प्रसंग कोल्चिसीन घेणाऱ्यांत ५.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.१ टक्के झाले. मात्र २०२४ मध्ये आलेल्या क्लिअर सिनर्जी या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. दोन्हींत मुख्य मोजणी पुढच्या प्रसंगांची होती, वण कसा भरला याची नव्हे, आणि मला तर तेच जाणून घ्यायचे आहे.

आप्पांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.७, म्हणजे वाढलेले आहे. कोल्चिसीन काही प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, मग हा डोस त्यांना जास्त होतो का? स्टॅटिनसोबत स्नायू दुखू लागले किंवा जुलाब सुरू झाले तर किती दिवस वाट पाहावी? गावात ताप-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सर्रास देतात. ते यासोबत धोक्याचे आहे, हे गावच्या डॉक्टरांना आधीच लिहून द्यावे का? गुडघ्यांसाठी ते वर्षानुवर्षे डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत, ते आता थांबवले आहे. पण रात्री दुखण्याने त्यांना झोप नाही, आणि केवळ पॅरासिटामॉलवर भागेल असे वाटत नाही.

येत्या गुरुवारी तपासणी आहे. तिथे गर्दी असते, डॉक्टरांशी जेमतेम पाच मिनिटे बोलता येते. हृदयरोगाचे वैद्यकीय ज्ञान असणाऱ्यांनी किंवा घरात हे औषध चालू असणाऱ्यांनी कृपया सांगावे, की यांतले कोणते प्रश्न आधी विचारावेत, आणि त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करून न्यावी का?