एट्रियल फिब्रिलेशन : डॉक्टरांनी तुमचं ऐकलं का?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतला विजेचा कारभार बिघडला की ते कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. नाडी मग कुठल्याच तालात बसत नाही. हे एट्रियल फिब्रिलेशन. ओपीडीत सगळे एफिब म्हणून मोकळे होतात. हा हार्ट अटॅक नव्हे. पण थरथरणाऱ्या डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, आणि ही जोखीम इतरांच्या मानाने सुमारे पाचपट असते. ‘काही नाही हो, टेन्शन घेऊ नका’ म्हणून सोडून द्यायचं हे दुखणं नाही.

आणि नेमकं तेच वाक्य ऐकून घरी परतलेले कितीतरी जण मला भेटलेत. दुखणं येतं नि जातं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात, ईसीजी स्वच्छ निघतो आणि आपण खोटे पडतो. म्हणून हा धागा. निदान कसं झालं, कोणी ऐकलं, कोणी नाही, सगळं लिहा. डॉक्टरांची नि हॉस्पिटलांची नावं नकोत. गोळ्यांचे डोसही नकोत, एकाची गोळी दुसऱ्याच्या जिवावर बेतायची. चांगले अनुभव जरूर लिहा. डॉक्टर मंडळी वाचत असतील तर त्यांनीही लिहावं.

सुरुवात मी करते.

पुणे, निवृत्त बँक कर्मचारी, वय 61

माझं सुरू झालं पन्नाशीच्या आसपास, त्यामुळे उत्तर तयारच होतं : पाळी जायचं वय. पहाटे जाग यायची ती छातीत कुणीतरी पिशवीतले बटाटे ओतल्यासारखी. फॅमिली डॉक्टर भला माणूस, पण बोलायचे ते आमच्या ह्यांच्याशी. ‘मिसेसना जरा फिरायला न्या.’ मी समोरच बसलेली! दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली. झोप लागायची, पण रात्री ठोके बिघडले तर मला कळायचंच बंद झालं. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र, लावला तर त्या दिवशी एक ठोका इकडचा तिकडे नाही.

सुटका केली ती आमच्या गल्लीतल्या लॅबमधल्या ईसीजी काढणाऱ्या मुलीने. म्हणाली, ‘काकू, सुरू झालं की नंबरबिंबर लावू नका, थेट आत या. मी पट्टी काढून ठेवते.’ एका सकाळी गॅस बंद केला नि गाऊनवर ओढणी घेऊन तशीच गेले. तिने जेल लावलं, क्लिपा लावल्या, कागद सरकू लागला आणि तीच म्हणाली, ‘हलू नका, मोठी पट्टी काढते.’ प्रत्येक ठोक्याच्या आधी जी बारीकशी टेकडी हवी, पी वेव्ह, ती कुठेच नव्हती, आणि ठोक्यांमधली अंतरं जवळ-लांब कशीही. तो गुलाबी चौकटींचा कागद टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. बरं वाटलं आणि रागही आला. त्यात नवीन काहीच नव्हतं, सगळं मी आधी सांगितलेलंच होतं.

नागपूर, गृहिणी

आमच्या घरी उलटी गत. हे स्वतः काही सांगतच नव्हते, ‘मले काही नाही झालं’ एवढंच. दोनदा अ‍ॅडमिट, दोनदा गोळ्या देऊन ठोके जागेवर, घरी, की पुन्हा तेच. तिसऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी यांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, रात्री काय काय होतं ते तुम्ही सांगा. मी म्हटलं, काय सांगू बाप्पा, एवढे घोरतात की शेजारचे भिंत वाजवतात. आणि मधेच आवाज बंद पडतो, मी उठून नाकाशी हात धरून पाहते श्वास चालू आहे की नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही का? मला कोणी विचारलंच नव्हतं.

झोपेची तपासणी झाली. स्लीप अ‍ॅप्निया निघाला, चांगलाच. झोपेत श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, त्यातून एफिब पुन्हा पुन्हा उलटतं असं त्यांनी समजावलं. आता मास्कचं मशीन लावून झोपतात. सुरुवातीला पोरं हसायची. एफिब पूर्ण गेलं असं म्हणत नाही, पण अ‍ॅडमिट व्हायची पाळी बऱ्याच दिवसांत आली नाही. वजनही उतरवायला सांगितलंय, तो विषय काढला की हे पेपर वाचायला घेतात.

सोलापूर, शिक्षिका, वय 36

माझं थोडक्यात. धडधड, हात थरथरणं, जेवूनखाऊन वजन कमी. ‘लग्नाचं टेन्शन’ असं निदान झालं होतं, लग्न होऊन नऊ वर्षं झालेली असताना. शेवटी थायरॉईड तपासलं, ते जास्त काम करत होतं. त्याचा इलाज झाला आणि एफिब गेलं. ज्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलेली नाही त्यांनी आधी ती करा, स्वस्तात होते.

शिरोळ, जि. कोल्हापूर (आईबद्दल लिहितोय)

आईला शेतातनं बांधावर यायलाबी दम लागायचा. गावात दमा म्हणून पंप दिला, वाफ दिली. दम काय हटंना. तालुक्याला एका डॉक्टरांनी विचारलं, ‘मावशी, लहानपणी गुडघं, कोपरं सुजून ताप यायचा का हो?’ आई म्हणाली, व्हय की, शाळा त्यापायीच सुटली. त्यांनी कान लावून लै वेळ ऐकलं आणि इकोला, म्हंजे हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवलं. लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप अरुंद झालेली, मायट्रल. दाब मागं तुंबून वरचा कप्पा फुगलेला, त्यातनंच हे एफिब. पुढं फुग्यानं झडप मोठी केली. सरकारी योजनेत बसलं म्हणून जमलं.

सांगायचंय ते पुढचं. रक्त पातळ व्हायची जी जुनी गोळी असते, अ‍ॅसिनोकुमरॉल, तिच्यासोबत आयएनआर, म्हंजे रक्त गोठायला किती वेळ लागतोय त्याचा आकडा, तपासायला लागतं, 2 ते 3 च्या मधी पायजे. पहिल्यांदा सांगितलं, पालेभाजी बंद. आमच्या घरात दुसरं काय शिजतंय? मेथी, शेपू, चाकवत, हरभऱ्याचा पाला. आईनं सहा महिने आमटी-भात खाल्ला, तरी आकडा वर-खालीच. एक दिवस लॅबबाहेर बसलेल्या सिस्टरनी विचारलं, ‘आजी, पौष महिन्यात काय खाता नि चैत्रात काय?’ तवा उलगडा झाला. आई म्हणाली, हिवाळ्यात पाला असतोय म्हणून चोरून खाते, उन्हाळ्यात नसतोय. सिस्टर म्हणाल्या, चोरून खाऊ नका, खुशाल खा, पण वर्षभर सारखी खा. आठवड्याला जेवढी ठरवाल तेवढीच. तेवढ्यावरच गोळीचा हिशोब बसवू. आता आकडा जागेवर हाय.

एक विचारायचं होतं. आता नव्या गोळ्या आल्यात म्हणं, आयएनआर लागत नाही. त्या आईला चालतील काय? दर महिन्याला एसटीनं जायचं म्हंजे दिवस मोडतोय.

निवृत्त डॉक्टर, तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस

शिरोळकर, तुमच्या आईंसाठी जुनीच गोळी बरी. नव्या गोळ्या (अपिक्सबान, रिव्हरॉक्सबान वगैरे) बहुतेक एफिबवाल्यांना चांगल्या आहेत, त्यांच्या भारतीय आवृत्त्या आल्यापासून परवडतातही. पण सांधेतापाने झडप अरुंद झालेल्यांची गोष्ट वेगळी. 2022 साली इन्व्हिक्टस नावाचा मोठा अभ्यास आला. साडेचार हजारांवर रुग्ण, भारतातलेही होते. सांधेतापाच्या हृदयविकारात जुन्या पद्धतीच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले, रिव्हरॉक्सबानवर जास्त. तेव्हा एसटीचा त्रास सोसा, आणि कुणी मेडिकलवाल्याने परस्पर गोळी बदलून दिली तर घेऊ नका.

आता आमच्या बाजूने. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात. पेशंट म्हणतो ‘कसंतरी होतं’. त्यातून काय काढायचं? मी एक युक्ती वापरायचो, माझ्या सरांकडून शिकलेली. पेशंटला म्हणायचं, ठोके कसे पडतात ते टेबलावर बोटाने वाजवून दाखवा. जो घाबरलेला असतो तो भराभर पण एकसारखं वाजवतो. एखादा ठोका चुकणारा टक्-टक्-थांब-टक् असं करतो. एफिबवाल्याचं बोट मात्र अडखळत राहतं, त्याला तालच सापडत नाही. ही तपासणी नव्हे, पट्टी काढायलाच लागते, पण काय शोधायचं ते कळतं. सुरुवात एकदम बटण दाबल्यासारखी झाली की हळूहळू, तेही सांगत जा.

दुसरं, नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय एफिबमध्ये फसवते. घरचं बीपी मशीनही अशा वेळी आकडे वेडेवाकडे दाखवतं, दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या.

डोंबिवली, खाजगी नोकरी

डॉक्टरसाहेब, साठ माणसं कबूल. पण आमचं ऐका.

बाबा तेव्हा 76, बीपी, शुगर, त्यात एफिब. पक्षाघाताची जोखीम मोजायला गुण देतात : पंच्याहत्तरीचे 2, बीपीचा 1, मधुमेहाचा 1. चार झाले, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. पुढे दाढ काढायची म्हणून ती बंद करायला सांगितली. दाढ निघाली. गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे कोणीच सांगितलं नाही. मी विचारायला गेलो तर तिथले दुसरे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, पडतील, रक्तस्राव होईल, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा. मी म्हटलं, पण गुठळीचं काय? त्यावर ‘गूगल वाचून आलात का?’ आणि पुढच्या पेशंटला हाक.

एके दिवशी चहाचा कप उचलता उचलता बाबांचा हात खाली आला. कप फुटला नाही, मांडीवरच कलंडला, आणि ते ‘गरम’ म्हणायचा प्रयत्न करत होते नि दुसरंच काहीतरी येत होतं. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आज चालतात, जेवतात, रमी खेळतात. नावं मात्र आठवत नाहीत, मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारतात. नंतर न्यूरॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं की एफिबमधल्या गुठळीला अ‍ॅस्पिरिन पुरं पडत नाही, आणि पडण्याच्या भीतीने गोळी नाकारणं बहुतेकांच्या बाबतीत तोट्याचंच ठरतं.

गोळी बंद करायला कोणी सांगितलं तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा सुरू करायची तारीख लिहून घ्या. लिहीत नसतील तर खुर्ची सोडू नका.

निवृत्त डॉक्टर

डोंबिवलीकर, यावर माझ्याकडे बचाव नाही. दात काढायला तर आता बऱ्याचदा ती गोळी थांबवतही नाहीत.

सांगली, निवृत्त एसटी चालक

सगळे म्हणताहेत डॉक्टर ऐकत नाहीत. माझ्या बाबतीत मीच ऐकत नव्हतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, आधीच्या तपासणीत एफिब निघालं. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. जिने चढतो, सायकल मारतो. मी म्हटलं मशीन बिघडलंय. डॉक्टर तरुण पोरगा. तो म्हणाला, ‘काका, गाडीचा टायर आतून झिजला असेल तर स्टेअरिंगला कळतं का?’ मी म्हटलं, चांगल्या ड्रायव्हरला कळतं. तो हसला. पण मग त्याने अर्धा तास बसून चित्र काढून दाखवलं. न जाणवणाऱ्या एफिबमध्येही गुठळी तशीच होते म्हणाला. गोळी चालू केली. डोळाही छान झाला.

मिल्टन कीन्स, इंग्लंड

इथे जीपीची (फॅमिली डॉक्टरची) वेळ दहा मिनिटं, आणि त्याआधी रिसेप्शनिस्टला पटवायचं. माझ्या मनगटी घड्याळात ईसीजी काढायची सोय आहे. तीस सेकंद बोट धरून बसायचं. रात्री दोनला काढलेली पट्टी पीडीएफ करून पाठवली. जीपी म्हणाली, घड्याळावर आम्ही निदान करत नाही. मी कार्डिऑलॉजिस्टकडे तीच पट्टी नेली, तो म्हणाला की युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने वाचलेली तीस सेकंदांची एका लीडची (एकाच रेघेची) पट्टी निदानाला पुरते. घड्याळ जे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असं लिहून दाखवतं ते नव्हे, त्याखालची रेघ महत्त्वाची.

मला अ‍ॅब्लेशन सुचवलं. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकीचे विद्युत संदेश उगम पावतात, हे 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं, तिथेच डाग देऊन वाट बंद करतात. प्रतीक्षा यादी लांबलचक. पण त्या काळात एक अ‍ॅरिदमिया नर्स (बिघडलेल्या ठोक्यांच्या पेशंटसाठीची खास नर्स) होती, तिला फोन करता यायचा. ती कधी घाई करायची नाही, आणि मागच्या वेळी काय बोललो ते तिला आठवायचं. मला कोणी विचारलं तर अ‍ॅब्लेशनइतकाच त्या फोनचा उपयोग झाला. भारतात अशी नर्स आहे का कुठे?

ठाणे, नवीन सभासद, वय 49

सगळं वाचून धीर आला. मला उद्या होल्टर लावणार आहेत. मूर्खासारखा प्रश्न, पण अंघोळ करता येते का? आणि दिवसभर पडून राहायचं की कसं?

पुणे, निवृत्त बँक कर्मचारी

वायरींचा असेल तर अंघोळ नाही, अंग पुसून घ्या. चिकटपट्टीसारखा असेल तर बऱ्याचदा चालते, लावणाऱ्यांना विचारा. सोबत वही देतील, तीत वेळ नि काय करत होतात ते लिहा, ‘11.40, कपडे वाळत घालताना’ असं. आणि पडून बिलकुल राहू नका हो. जिने चढा, बाजारात जा, ज्याच्याशी नेहमी भांडता त्याच्याशी भांडा. एरवी जे करताना सुरू होतं ते सगळं करा, नाहीतर माझ्यासारखा कोरा रिपोर्ट हातात येईल.